डोंगरातल्या तलावाची उंची वाढवून शहराला पाणी: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याचं घाणेवाडी, छत्रपती संभाजीनगरचा हर्सूल, बीडजवळ पालीचा बिंदुसरा, अंबाजोगाईचा काळवटी. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांजवळ डोंगराच्या किंवा माळाच्या कुशीत असा एखादा जुना तलाव असतो. शहरं वाढत गेली, तलाव होते तेवढेच राहिले, आणि पाणी लांबच्या मोठ्या धरणातून पंपानं येऊ लागलं. आता बऱ्याच ठिकाणी जुन्याच तलावाची भिंत वाढवण्याची मागणी होते आहे. त्याबद्दल नगरसेवक, शेतकरी, बुडिताच्या धास्तीतली गावं आणि शहरातले रहिवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या तलावाचे आकडे तुम्हालाच काढून आणावे लागतील. ते कुठून मिळतात, हे जागोजागी सांगितलं आहे.

१. तलाव मोठा करायचा म्हणजे नेमकं काय करतात?

तीन वाटा आहेत. पहिली, मातीच्या भिंतीची आणि सांडव्याची (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेची) दोन्हींची उंची वाढवायची. दुसरी, भिंत तशीच ठेवून सांडव्यावर दरवाजे बसवायचे किंवा सांडव्याची रचना बदलायची. तिसरी, उंचीला हात न लावता आतला गाळ काढून मूळची साठवण परत मिळवायची. कागदावर तिन्ही कामं ‘क्षमतावाढ’ या एकाच नावाखाली येतात. त्यामुळे ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत कुणी ‘तलाव मोठा होणार’ म्हटलं, की यातली कोणती वाट ते आधी विचारा. खर्च, बुडीत आणि धोका तिन्हींचे वेगवेगळे आहेत.

२. त्यापेक्षा नवीन धरण का बांधत नाहीत?

चांगल्या जागा संपत आल्या आहेत. दोन टेकड्या जवळ येतात, मागे खोलगट खोरं आहे आणि पायाला घट्ट खडक आहे, अशा जागा आपल्या आधीच्या लोकांनी केव्हाच हेरून वापरल्या. जुन्या तलावाला पाणलोट, रस्ता, जलवाहिनी आणि बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रही जोडलेलं असतं. दोन-तीन मीटर उंची वाढवताना बुडणारी जमीनही नव्या धरणापेक्षा कमी असते. हे सगळं खरं आहे, पण ‘वाढवलेला तलाव भरेल का’ या पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरच त्याला अर्थ आहे.

३. टीएमसी, दलघमी, एमएलडी यांतलं काही कळत नाही. आमच्या शहराला किती पाणी लागतं ते सोप्या भाषेत सांगा.

दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर, आणि १ टीएमसी म्हणजे साधारण २८.३ दलघमी. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर.

आता शहराचा हिशेब. नळ आणि भुयारी गटार दोन्ही असलेल्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर हा केंद्राचा मापदंड आहे. एक लाख वस्तीला त्यानुसार १३.५ एमएलडी लागतात. वाटेतली १५ टक्के घट धरली तर सोळा एमएलडीच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ५.८ दलघमी. भुयारी गटार नसलेल्या गावाला मापदंड ७० लिटरचा आहे, त्यामुळे हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. योजनेच्या प्रकल्प अहवालात आज वीस हजार वस्तीचं गाव तीस वर्षांनंतर किती धरलंय, ते नीट पाहा. पुढचा सगळा हिशेब त्याच एका आकड्यावर उभा राहतो.

४. भिंत दोन मीटर वाढवली तर पाणी किती वाढेल?

वाटतं त्यापेक्षा जास्त, कारण तलाव वर रुंद होत जातो. समजा, आज तलाव भरल्यावर ६० हेक्टरवर पाणी पसरतं आणि दोन मीटर उंची वाढल्यावर ते ८० हेक्टरवर पसरेल. सरासरी ७० हेक्टर धरले तर वाढीव साठा १.४ दलघमी होतो. वरच्या एक लाख वस्तीच्या शहराला हे पाणी जवळपास तीन महिने पुरेल.

पण पसारा वाढला की उन्हानं उडणारं पाणीही वाढतं. आपल्याकडे उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण दीड मीटर पाणी उडतं असं धरलं, तर वाढलेल्या २० हेक्टरांवरून ०.३ दलघमी असंच जातं. म्हणून अरुंद, खोल दरीतला तलाव वाढवणं फायद्याचं ठरतं. उथळ, पसरट तलाव वाढवला तर बुडीतही जास्त आणि बाष्पीभवनही जास्त. तुमच्या तलावाचा उंची-क्षेत्रफळ-साठा तक्ता पाटबंधारे किंवा जलसंधारण कार्यालयात असतो. माहिती अधिकारात मागितला तर मिळतो.

५. भिंत वाढवली की तलाव भरेलच, याची खात्री काय?

भिंतीमुळे पाणी तयार होत नाही. ते आभाळातून येतं, पाणलोटातून वाहतं, आणि भिंत ते फक्त अडवते. आमच्या मते या सगळ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे, आणि बैठकांमध्ये त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

एक ढोबळ हिशेब पाहा. पाणलोट ४० चौरस किलोमीटर आहे. पाऊस ७०० मिलिमीटर झाला आणि त्यातला १५ टक्के वाहून तलावात आला, तर येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, ४.२ दलघमी होईल. पुढच्या वर्षी पाऊस ४०० मिलिमीटरच झाला, तोही रिमझिम आणि खंड पडून पडून. तेव्हा तहानलेलं काळं रान बहुतेक पाणी पिऊन टाकतं आणि वाहून येतो पाचच टक्के, म्हणजे ०.८ दलघमी. पाऊस चाळीस टक्क्यांच्या थोडा वर घटला, येवा मात्र पाचव्या हिश्श्यावर आला. १९७२, २०१२-१३, २०१५, २०१८ या वर्षांत मराठवाड्याने हेच अनुभवलं.

म्हणून आपल्या सिंचन प्रकल्पांचं नियोजन ‘७५ टक्के विश्वासार्हते’च्या येव्यावर होतं. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी निदान एवढं पाणी येईल, असा त्याचा अर्थ. शेतीला हे प्रमाण चालून जातं. पिण्याच्या पाण्यासाठी चार वर्षांतून एकदा तलाव रिकामा, हे कुणालाच परवडणार नाही. तेव्हा अहवालात ९० टक्क्यांहून जास्त विश्वासार्हतेचा आकडा वेगळा मागा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. आपल्याकडचं पाणी असंच येतं, तीन वर्षं ठणठणाट आणि चौथ्या वर्षी लोंढा. तो लोंढा धरून पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवायचा असेल तर मोठा साठा लागतोच. दर दोन-चार वर्षांनी सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जात असेल, तर उंची वाढवण्याला अर्थ आहे. पंधरा वर्षांत तलाव दोनदाच कसाबसा भरला असेल, तर वाढवलेल्या भिंतीवर बाभळी उगवतील.

तुमच्या तलावाची सांडवा वाहिल्याची नोंद हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका पुरावा आहे. कार्यालयात नसेल तर खालच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना साल-महिन्यासकट आठवतं. अधिकृत बाजूनं नाशिकच्या नियोजन व जलविज्ञान मुख्य अभियंत्यांचं पाणी उपलब्धता प्रमाणपत्र लागतं. ते पाहताना त्यात वरच्या बाजूचे पाझर तलाव, जलयुक्त शिवारची नाला खोलीकरणं आणि शेततळी वजा केली आहेत का, ते तपासा. जुन्या प्रमाणपत्रांत ती नसतात, आणि येवा कागदावर फुगलेला दिसतो.

६. आधी गाळच का काढत नाहीत? फुकटात पाणी वाढेल.

काढायलाच हवा, आणि उंची वाढवण्याच्या आधी. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. घाणेवाडीचा गाळ काढण्यासाठी जालनेकरांनी वर्षानुवर्षं जे लोकवर्गणीचं काम केलं, ते मराठवाड्यानं अभिमानानं सांगावं असं आहे.

पण फुकट नाही. १ दलघमी गाळ म्हणजे साडेतीन लाख ब्रासच्या वर. चार ब्रासचा टिप्पर धरला तर जवळपास ८८,००० खेपा. उन्हाळ्यात पाणी आटल्यापासून पहिल्या पावसापर्यंत हाताशी दोन-अडीच महिनेच असतात. शिवाय तलाव कोरडा पडला नाही तर मधला, सगळ्यात खोल भागातला गाळ निघत नाही. गाळ काढून एका हंगामात शहराची तहान भागेल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून खेपांचा हिशेब मागा.

एक धोका सांगितलाच पाहिजे. गाळ काढता काढता पोकलेन खालच्या मुरमात शिरला की तलावाचं तळाचं अस्तरच फाटतं. मग गाळ निघालेला असतो, पण पाणी टिकत नाही (प्रश्न १० पाहा). भिंतीच्या पायथ्यालगत तर अजिबात खोदू देऊ नका.

७. डोंगरातलं पाणी उतारानं आपोआप येतं. मग जायकवाडी, उजनी, माजलगावचं पाणी कशाला?

दोन्ही लागतात. कारण विजेचं बिल. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची ७० टक्के कार्यक्षमता धरली तरी, ३९० च्या आसपास युनिट वीज जाते. लांब वाहिनीतल्या घर्षणाची वीज वेगळी. एक लाख वस्तीच्या शहराला रोज पाच हजार युनिटांच्या पुढे. छत्रपती संभाजीनगर नाथसागरापेक्षा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयापेक्षा, शंभर मीटरहून जास्त उंचीवर आहे, त्या शहराच्या पाण्याचा पैसा कुठे जातो ते यावरून कळावं. डोंगरातला तलाव शहराच्या वर असेल तर ही वीज वाचते. वीज गेली, वाहिनी फुटली, तरी आठवडाभर शहर तगतं.

पण लहान पाणलोटाचा तलाव दुष्काळात एकट्याच्या बळावर उभा राहू शकत नाही. चांगल्या वर्षी आधी जवळचं, उताराचं पाणी आणि कमतरतेला लांबचं, असं नियोजन आम्हाला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होताना दिसतं. मोठी योजना आली की नगरपरिषदा जुन्या तलावाकडे पाठ फिरवतात आणि वाहिनी गंजून जाते.

८. जुन्या मातीच्या भिंतीवर अजून माती टाकली की झालं. यात अवघड काय आहे?

मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. आत काळ्या चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण, ते भिंतीला वजन आणि आधार देतं. पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. कोरड्या बाजूला वाळू-खडीचे गाळण थर आणि पायथ्याला चर, ज्यातून झिरपलेलं पाणी माती न वाहवता बाहेर पडतं.

उंची वाढवताना या प्रत्येक थराला वर न्यावं लागतं, आणि जुना-नवा गाभा एकजीव व्हावा लागतो. त्यासाठी माथ्यावरचा रस्ता, झुडपं, भेगाळलेली माती खरवडून काढतात, ओलावा देतात, पातळ थर टाकून रोलरने दाबतात आणि प्रत्येक थराची घनता प्रयोगशाळेत तपासतात. जुन्या-नव्याच्या सांध्यात फट राहिली तर तलाव पहिल्यांदा पूर्ण भरतो तेव्हा पाणी नेमकी तीच वाट शोधतं.

पायाही रुंद होतो. पाण्याच्या बाजूचा उतार अडीचास एक आणि कोरड्या बाजूचा दोनास एक असेल, तर दोन मीटर उंचीसाठी भिंतीचा पायथा कोरड्या बाजूला नऊ मीटर पुढे सरकतो. तिथे आज कालव्याचं विमोचक (पाणी सोडायचं दार), चौकीदाराची खोली, कुणाची विहीर, कधी एखादं देऊळ असतं. अंदाजपत्रकात ते धरलेलं आहे का, हे जागेवर टेप घेऊन पाहता येतं.

धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणं, आणि १० ते १५ मीटरमधली ठराविक निकषांत बसणारी धरणं, ‘विनिर्दिष्ट धरणं’ ठरतात. भिंत लांब असणं किंवा साठा दहा लाख घनमीटरांहून जास्त असणं, हे त्यांतले दोन निकष. मूळ रचनेत मोठा बदल करण्याआधी अशा धरणाचं सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन करावं लागतं. आज १४ मीटरची असलेली भिंत उद्या १६ मीटरची झाली की ती या कायद्याखाली निर्विवाद येते, हे कंत्राट निघण्याआधी लक्षात घ्यायला हवं.

९. भिंत राहू द्या. सांडव्यावर वाळूची पोती रचून किंवा दरवाजे बसवून दोन फूट पाणी जास्त अडवलं तर?

पोती रचू नका. ही प्रथा अनेक गावांत आहे, हेतू चांगला असतो, आणि तरीही ती जिवावर बेतणारी आहे. सांडव्याचा माथा आणि भिंतीचा माथा यांच्यामधली जागा पुरासाठी आणि लाटांसाठी राखून ठेवलेली असते. पोती रचली की आपण ती जागा खातो. मग मोठा पाऊस झाला की पाणी भिंतीवरून जातं, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की ती काही तासांत वाहून जाते. पानशेत १९६१ मध्ये फुटलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे २०१९ मध्ये. खालच्या गावांनी काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दरवाज्यांचा पर्याय वैध आहे, पण त्यांना माणूस लागतो. मध्यरात्री, वीज नसताना, घाटातला रस्ता बंद असताना दरवाजे उघडणारा माणूस तिथे राहणार आहे का? मोठ्या धरणांवर तशी व्यवस्था असते. डोंगरातल्या लहान तलावावर आजही बहुधा एकच चौकीदार असतो, तोही हंगामी. म्हणून अशा ठिकाणी आम्ही नागमोडी सांडव्याची बाजू घेतो. सरळ सांडव्याऐवजी तो वळणावळणांचा बांधला, की तेवढ्याच रुंदीत पाणी सांडायची लांबी कितीतरी वाढते. त्यामुळे माथा थोडा वर नेऊनही पूर सुखरूप बाहेर जातो. उघडायला काही नाही, बंद करायला काही नाही.

कोणताही पर्याय असो, सांडवा किती पुरासाठी बांधायचा याचे मापदंड आहेत. १० दलघमीपर्यंतच्या लहान धरणांना शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, त्याहून मोठ्यांना आणखी मोठा. उंची वाढल्यामुळे तलाव वरच्या वर्गात गेला तर सांडव्याचं सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर करणं आम्हाला मान्य नाही.

१०. आमचा तलाव दरवर्षी भरतो, पण संक्रांतीपर्यंत निम्मा होतो. उंची वाढवून उपयोग होईल का?

आधी गळती शोधा. आपला डोंगर बेसाल्टचा, थरावर थर असलेला. दोन थरांच्या मध्ये तांबडा गेरूचा पट्टा असतो, काही थर भेगाळलेले असतात, आणि पाणी त्यांतून आडवं सरकून दूरच्या ओढ्यात निघतं. उंची वाढली की दाब वाढतो. शिवाय आजवर कोरडा असलेला वरचा थरही पाण्याखाली येतो, तो फुटका निघाला तर वाढीव पाणी सगळं तिथूनच जातं.

तपासणी साधी आहे. पाऊस आणि उपसा नसताना रोज पातळी मोजा. बाष्पीभवन उन्हाळ्यातही दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास असतं. पातळी त्याहून बरीच जास्त उतरत असेल, तर पाणी जमिनीतून तरी जातंय किंवा काठावरच्या मोटारींतून तरी. मोटारी रात्री चालतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा नोंद घ्या.

पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर ते बहुधा ठीक. गढूळ होऊ लागलं तर त्याच दिवशी अभियंत्याला कळवा. भिंतीची माती आतून वाहू लागल्याची ती खूण आहे.

११. किल्लारीसारखा भूकंप झाला तर?

३० सप्टेंबर १९९३ च्या आधी लातूर-धाराशिव भाग भूकंपाच्या दृष्टीनं जवळपास निर्धास्त समजला जात होता. त्यानंतर नकाशे बदलले. त्याआधी बांधलेल्या भिंती जुन्या निकषांवर उभ्या आहेत, त्यामुळे उंची वाढवताना नव्या भूकंप विभागानुसार उतारांची स्थिरता पुन्हा तपासावी लागते. नीट दाबलेलं मातीचं धरण हादरे बऱ्यापैकी सोसतं.

१२. आमची जमीन बुडणार आहे. काय मिळेल, आणि कुणाला मिळणार नाही?

सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांना २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभावावर आधारित मोबदला आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पुनर्वसनासाठी राज्याचा १९९९ चा प्रकल्पबाधितांचा कायदाही आहे. एवढं सगळ्यांना माहीत असतं. अडचण पुढच्या लोकांची असते.

गाळपेर कसणारे. तलाव उतरला की काठाची ओली जमीन भाडेपट्ट्यानं देतात, त्यावर ज्वारी, हरभरा, टरबूज निघतं. अनेक भूमिहीन आणि आधीच एकदा याच तलावात जमीन गेलेली कुटुंबं त्यावर जगतात. पाण्याची पातळी वाढली की ती जमीन जाते आणि संपादनाच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नसतं, कारण जमीन सरकारचीच.

गायरान कसणारे. डोंगराच्या उतारावर दलित, पारधी, भटक्या समाजातली कुटुंबं दोन-दोन पिढ्या गायरान कसतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मोबदला नाही. जुन्या पावत्या, पीकपाहणीतली नोंद, दंडाची पावती, जे असेल ते जपून ठेवा आणि सामाजिक परिणामांच्या नोंदीत आपलं कुटुंब लेखी घालून घ्या. २०१३ च्या कायद्यातली ‘बाधित कुटुंबा’ची व्याख्या मालकापुरती नाही, उपजीविका गेलेल्यांनाही ती धरते.

इनाम जमिनी. निजामी राजवटीतून आलेल्या मदतमाश आणि खिदमतमाश जमिनींवर कुणाचं नाव लागतं, देवस्थान की वक्फ की कसणारा, यावर वाद निघतो. मग पैसे न्यायालयात पडून राहतात आणि जमीन मात्र पाण्याखाली जाते. संपादनाची चाहूल लागताच फेरफार काढून पाहा. अधिसूचना निघाल्यावर दुरुस्ती करणं फार कठीण जातं.

आणि मोजणी केव्हा होते ते बघा. बीड, धाराशिवच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. त्याच काळात पाणी उतरलेलं असतं, म्हणून मोजणीही तेव्हाच ठेवतात. ज्यांचं जाणार ते कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात कोयत्यावर, आणि पंचनाम्यावर सह्या दुसऱ्यांच्या. कुटुंबं गावात असताना मोजणी आणि सुनावणी व्हावी, असा ठराव ग्रामसभेनं आधीच करून ठेवावा. आम्हाला ही मागणी अजिबात वाटाघाटीची वाटत नाही.

१३. आम्ही तलावाखालचे शेतकरी. शहराला पाणी गेल्यावर आमच्या पाळ्यांचं काय?

राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क आहे, तो कुणी नाकारत नाही. पण सिंचनासाठी बांधलेल्या तलावाचं पाणी शहराकडे वळवलं, तर घटलेल्या क्षेत्रापोटी सिंचन पुनर्स्थापना खर्च भरावा लागतो. नगरपरिषदेनं तो भरला का आणि तो तुमच्याच लाभक्षेत्रात खर्च झाला का, हे पाणी वापर संस्थेनं लेखी विचारावं.

अदलाबदलही होऊ शकते. शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. १३.५ एमएलडी घेणारं शहर रोज सुमारे १०.८ एमएलडी बाहेर टाकतं. ते नीट शुद्ध करून लाभक्षेत्राला बांधून दिलं, तर शेतकऱ्याला बारमाही, दुष्काळातही न आटणारं पाणी मिळतं. करारात ते लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

लाभक्षेत्रातला ऊस हा नाजूक विषय आहे. पाटानं भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला दोन-अडीच कोटी लिटर पाणी जातं. दीड-दोनशे हेक्टर ऊस ठिबकवर आला तर एखाद्या मीटरच्या भिंतीइतकं पाणी वाचू शकतं, कुणाचंही घर न बुडवता. तो पर्याय अहवालात तपासलेला असावा.

१४. डोंगरावर वनखात्याची जमीन आहे, जवळ अभयारण्यही आहे. परवानगी मिळते का?

मिळू शकते, वेळ लागतो. वनजमीन बुडणार असेल तर १९८० च्या वन (संरक्षण व संवर्धन) अधिनियमाखाली केंद्राची मंजुरी लागते. नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट, गौताळा औट्रम घाट अशा अभयारण्याची जमीन असेल तर वन्यजीव मंडळांची शिफारसही लागते. पूर्ण संचय पातळीची, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावरच्या पाण्याची, रेषा वनहद्दीच्या अलीकडेच राहील अशी उंची ठरवली तर वर्षं वाचतात. अर्धा मीटर कमी घेऊन काम तीन वर्षं आधी होणार असेल, तर ते घ्यावं.

१५. काम चालू असताना शहराला पाणी मिळेल का?

मिळायला हवं, त्याची सोय आधी करायची. पातळी उतरवावी लागते, त्यामुळे दुसरा स्रोत चालू स्थितीत असल्याशिवाय काम सुरूच करू नये. माती-काम दिवाळी ते मे एवढ्याच काळात होतं. मृगाच्या आत सांडवा पुरासाठी मोकळा आणि सुरक्षित असलाच पाहिजे. अर्धवट फोडलेला सांडवा घेऊन पावसाळ्यात शिरणं, याइतकी धोक्याची अवस्था दुसरी नाही. निधी टप्प्याटप्प्यानं येणार असेल तर टप्पेही त्या बेतानं पाडा.

१६. वाढीव तलाव भरल्यावर नळाच्या पाण्याला वास का येतो?

नव्यानं बुडालेलं गवत, झुडपं, पाचोळा कुजतो, तळाचा प्राणवायू संपतो, आणि लोह-मँगनीज विरघळून पाणी पिवळसर होतं. एक-दोन हंगामांत कमी होतं. बुडिताची झाडझुडपं आधी काढली आणि पाणी वरच्या थरातून घेता येईल अशी वेगवेगळ्या पातळीची तोंडं उद्भव विहिरीला (तलावातून पाणी उचलायच्या विहिरीला) ठेवली, तर त्रास बराच टळतो.

१७. आमच्या शहरात आधीच निम्मं पाणी गळतं. तरी तलाव वाढवायचा?

आधी मोजा. तलावाच्या तोंडाशी एक, शुद्धीकरण केंद्रावर एक आणि प्रत्येक जलकुंभावर एक मीटर बसवला की पाणी कुठे जातं ते महिन्याभरात कळतं. सोळा एमएलडी घेणाऱ्या शहरानं गळती एकूण पाण्याच्या वीस टक्क्यांइतकी कमी केली, तर वर्षाला १.१ दलघमीहून जास्त पाणी वाचतं. चौथ्या प्रश्नातल्या दोन मीटर भिंतीनं मिळणाऱ्या पाण्याच्या हे फार जवळ जातं, आणि दुष्काळातही मिळतं. आठ-दहा दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तर रिकाम्या वाहिनीत गटाराचं पाणी शिरतं, त्यामुळे गळतीचं काम आरोग्याचंही काम आहे.

१८. वाढीव साठा पिण्यासाठीच राहील, की पुढे एमआयडीसीला जाईल?

कागदावर आरक्षण कसं लिहिलंय त्यावर आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून जिल्ह्यातलं पाणी आरक्षण ठरतं. नगरपरिषदेनं मागणीच नोंदवली नाही, किंवा जुनी थकबाकी ठेवली, तर तिची बाजू लंगडी पडते. मंजुरीच्या शासन निर्णयातच वाढीव साठा पिण्यासाठी असल्याचं आणि मृत साठ्यातून (विमोचकाच्या खाली उरणाऱ्या पाण्यातून) पाणी उचलायचा अधिकार कुणाला ते स्पष्ट असावं. मे महिन्यात भांडण त्या शेवटच्या पाण्यावरच होतं.

१९. तलाव एका खात्याचा, पाणी नगरपरिषदेला, जमीन वनखात्याची. सुरुवात कुणाकडून करायची?

तलावाच्या मालकापासून. मोठे, मध्यम आणि बरेच लघु प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत, लहान तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, आणि काही निजामकालीन तलाव नगरपरिषदेच्याच नावावर. मालक ठरला की त्याच्याकडे चार कागद मागा: साठ्याचा तक्ता, सांडवा वाहिल्याची नोंद, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा तपासणी अहवाल, आणि शेवटचं गाळ सर्वेक्षण. गाळ सर्वेक्षण झालेलंच नसेल तर तीच पहिली मागणी करा. पाणीपुरवठ्याचा आराखडा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण तांत्रिकदृष्ट्या तपासतं, आणि शहरांसाठी केंद्राच्या अमृत किंवा राज्याच्या नगरोत्थान योजनेतून निधी मागता येतो. दोन खात्यांचे दोन वेगळे अहवाल झाले तर त्यांतली पूर्ण संचय पातळी एकच आहे का, ते मिलिमीटरपर्यंत जुळवून पाहा. ती न जुळल्यास फाइल वर गेल्यावर परत येते आणि एक उन्हाळा वाया जातो.